विल्मा बांकी बघायचीय? कुठून सुरू करायचं, कुठली प्रिंट घ्यायची आणि कुठल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही

मूकपटांचा सुपरस्टार रुडॉल्फ व्हॅलेंटिनो, त्याच्या वाळवंटातल्या त्या फेमस फोटोंमध्ये त्याच्या मिठीत एक नाजूक चेहऱ्याची बाई असते, ती विल्मा बांकी. हंगेरीतून आली, १९२५ ते १९३० एवढ्याच काळात हॉलिवूडच्या वरच्या फळीत जाऊन बसली आणि मग पडद्यावरून अशी गेली की १९९१ मध्ये ती वारली हे जगाला कळायला १९९२ उजाडलं. नेटवर तिच्याबद्दल जे काही आहे ते बहुतेक एकाचं बघून दुसऱ्याने उतरवलेलं, तीच चार वाक्यं सगळीकडे, आणि शेवटी हमखास हे की बोलपट आले, तिचे उच्चार परदेशी होते, करिअर संपलं. एवढं सरळ नाहीये ते. आणि ते स्वतः तपासता येतं, घरबसल्या, जवळजवळ फुकटात, फक्त कशानंतर काय करायचं ते माहीत पाहिजे.

पहिली गोष्ट, आधी वाचायला बसू नका. चरित्र वाचून मग सिनेमा लावला की आपण वाचलेलंच शोधत बसतो. आधी एक सिनेमा बघा, बाकी सगळं नंतर.

पहिला सिनेमा 'द ईगल', 'शेख' नाही

सगळेजण 'द सन ऑफ द शेख'पासून सुरुवात करतात कारण नाव ऐकलेलं असतं. करू नका. १९२६ चा आहे, व्हॅलेंटिनोचा शेवटचा, आणि त्यात बांकीला यास्मिन नावाच्या नाचणाऱ्या मुलीचं काम आहे, पण करायला काय दिलंय तर घाबरायचं, रडायचं आणि माफ करायचं. नायकाचा गैरसमज होतो की हिने आपल्याला दगा दिला, मग तो तिला उचलून तंबूत आणतो आणि 'बदला' घेतो, आणि सिनेमा ते प्रेमकथेत खपवून टाकतो. आज बघताना पोटात गोळा येतो. अरबस्तान म्हणून जे दिसतं ते ॲरिझोनातल्या युमाजवळचं वाळवंट. सिनेमा म्हणून मजेदार आहे, व्हॅलेंटिनो त्यात बाप आणि मुलगा असे दोन्ही रोल करतो, पण बांकी कळायला त्याचा उपयोग कमी.

'द ईगल' १९२५ चा, दिग्दर्शक क्लॅरेन्स ब्राऊन, गोष्ट रशियन लेखक पुश्किनच्या अपुऱ्या राहिलेल्या 'दुब्रोव्स्की' या कादंबरीवरून घेतलेली. रशियाची राणी कॅथरिन एका तरुण लेफ्टनंटवर भाळते, तो तिथून सटकतो, राणी त्याला पकडायचं फर्मान काढते, तेवढ्यात त्याला कळतं की किरिला नावाच्या जमीनदाराने आपल्या बापाची इस्टेट हडप केलीय, मग तो बुरखा घालून दरोडेखोर होतो आणि फ्रेंच शिकवणारा मास्तर बनून त्याच जमीनदाराच्या घरात शिरतो. शिकवायचं कुणाला, तर जमीनदाराच्या मुलीला, माशाला. ती म्हणजे बांकी. म्हणजे तिला इथे करायला काहीतरी आहे, आधी नाक उडवायचं, मग संशय घ्यायचा, मग ओळखायचं, मग ओळखलंय हे लपवायचं. शिवाय हा सिनेमा चक्क विनोदी आहे आणि व्हॅलेंटिनो स्वतःचीच टिंगल करतोय असं वाटतं, ते मला सगळ्यात आवडतं.

यातला जेवणाचा सीन नक्की दोनदा बघा. लांबच्या लांब टेबल, दोन्ही बाजूंनी पाहुणे, आणि कॅमेरा जेवणाच्या वरून, मेणबत्त्यांच्या मधून, अख्खं टेबल पार करत सरकत जातो. १९२५ मध्ये क्रेन वगैरे हाताशी नव्हती. ब्राऊनने पुढे सांगितलंय की टेबलाच्या दोन बाजूंना दोन गाड्या, त्यांच्यावर आडवा पूल आणि त्याला वरून लटकवलेला कॅमेरा अशी जुळणी केली होती, आणि वाटेत येणाऱ्या मेणबत्त्या कॅमेऱ्याला दिसायच्या जेमतेम आधी सामानवाली पोरं पटकन जागेवर ठेवत होती. हे माहीत झाल्यावर परत बघा, वेगळीच मजा येते.

प्रिंट कशी निवडायची

इथे बहुतेक लोक चुकतात आणि मग म्हणतात मूकपट म्हणजे माकडउड्या. तसं नाहीये. त्या काळात कॅमेरे बरेचदा हाताने फिरवायचे, सेकंदाला १६ पासून २४ पर्यंत कितीही फ्रेम्स, ठरलेलं काही नाही. नंतर स्वस्तातल्या कॉप्या सरसकट २४ किंवा २५ ने काढल्या, म्हणून माणसं तुरुतुरु पळताना दिसतात. तपासायचं कसं, तर कुणीतरी नुसतं चालतंय असा शॉट शोधा. चाल मुंगीसारखी वाटली तर प्लेअरमध्ये स्पीड ०.७५ करा, म्युझिक म्यूट करा आणि दुसऱ्या टॅबवर साधा पियानो लावा. जुगाड आहे, पण अभिनय एकदम माणसात येतो.

दुसरं म्हणजे रंग. मूळ प्रिंटला बरेचदा रंगाची छटा दिलेली असायची, घरातले सीन पिवळसर, रात्रीचे निळे. रात्रीचे सीन दिवसा शूट करून निळ्या रंगात बुडवायचे. तो निळा उडालेली काळीपांढरी कॉपी बघितली की भर उन्हात लोक कंदील घेऊन हिंडताना दिसतात आणि आपल्याला वाटतं दिग्दर्शक येडा होता. 'ईगल'ची कार्ल डेव्हिसच्या संगीताची आवृत्ती मिळाली तर तीच घ्या, १९८० च्या दशकात तयार झालेली, फरक लगेच कळतो. अमेरिकेत हे १९२५-२६ चे सिनेमे कॉपीराइटमधून मोकळे झालेत, म्हणून नेटवर ढीगभर कॉप्या आहेत. पहिली दिसली ती लावू नका, दोन-तीन उघडून पाच-पाच मिनिटं बघा आणि जिच्यात चेहऱ्याच्या कडा नीट दिसतात ती ठेवा.

आणि ओठ काळे का दिसतात हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. तेव्हाच्या बऱ्याच फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसायचाच नाही आणि निळा फार जास्त दिसायचा, त्यामुळे लाल ओठ काळे आणि निळे डोळे पांढुरके पडायचे. चेहऱ्याचा सगळा मेकअप त्या हिशोबाने करावा लागायचा. बांकीच्या बऱ्याच सिनेमांचा कॅमेरामन जॉर्ज बार्न्स होता, 'ईगल'मध्ये तो आहे, 'शेख'मध्ये आहे, नंतरही आहे, आणि हा माणूस तिला ज्या पद्धतीने मागून प्रकाश द्यायचा, केसांच्या कडेला झळाळी आणि चेहरा मऊ, त्यात तिच्या स्टारडमचा निम्मा तरी वाटा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

तिचं काम बघायचं कसं

ती काही मूकपटांतल्या थोर अभिनेत्री लिलियन गिशच्या तोडीची नटी नव्हती, उगाच डोक्यावर घेऊ नका. पण तिच्यात एक गोष्ट आहे जी त्या काळच्या भरपूर लोकांत नव्हती, ती हात हलवत नाही. समोरचा बोलत असताना ती नुसती ऐकते आणि चेहऱ्यावर अर्धा सेकंद उशिरा काहीतरी येतं. तर असं करा, एकदा सिनेमा सरळ बघून झाला की कुठलीही दहा मिनिटं निवडा, आवाज पूर्ण बंद करा आणि ती *बोलत नसताना* फक्त तिच्याकडे बघा. मधेमधे येणाऱ्या संवादांच्या पाट्या वाचायच्याच नाहीत. मास्तर आणि माशा समोरासमोर येतात ते सीन यासाठी बेस्ट.

आता यामागची भानगड अशी की अमेरिकेत आली तेव्हा तिला इंग्रजी येतच नव्हतं. रोनाल्ड कोलमन या तिच्या नेहमीच्या हिरोबरोबर प्रेमाचे सीन करताना तो इंग्रजीत बोलायचा आणि ती हंगेरियनमध्ये, असं सांगतात. मूकपटात कुणाला काय फरक पडतो. पण याचा अर्थ ती समोरच्याचा शब्द न कळता नुसता चेहरा वाचत होती, आणि तिचं ते उशिरा उमटणं बहुतेक तिथूनच आलंय असं मला वाटतं. सिद्ध करता येणार नाही, पण डोक्यात ठेवून बघा.

दुसरा सिनेमा 'द विनिंग ऑफ बार्बरा वर्थ', १९२६, दिग्दर्शक हेन्री किंग. हा वेस्टर्न आहे पण बंदुकांचा नाही, पाण्याचा. कोलोराडो नदीचं पाणी वळवून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात शेती करायची, कंपनी पैसे वाचवायला कच्चं काम करते आणि शेवटी नदी सगळं गाव घेऊन जाते. खऱ्या घटनेवर आहे, १९०५ मध्ये नदी खरंच तशी फुटली होती आणि त्या पाण्याचा साल्टन सी नावाचा तलाव झाला. शूटिंग नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात झालं. बांकी यात आधी वाळूच्या वादळात मरणारी आई आहे आणि मग तिचीच मोठी झालेली मुलगी बार्बरा. नायक कोलमन, आणि दुसरा प्रेमवीर म्हणून एक उंच, लाजरा, कुणाला माहीत नसलेला पोरगा, गॅरी कूपर. त्याचं हे पहिलं मोठं काम. प्रामाणिकपणे सांगायचं तर सिनेमा संपल्यावर लोक कूपरबद्दलच बोलतात. पण बांकीसाठी बघायचं कारण हे की इथे झगे नाहीत, राजवाडा नाही, घोडा आहे आणि धूळ आहे, आणि त्यातही ती परकी वाटत नाही.

'द नाइट ऑफ लव्ह' आणि 'टू लव्हर्स' हे कोलमनबरोबरचे आणखी दोन, तलवारी आणि सरदार टाइप. मिळाले तर बघा, नाही मिळाले तर फार काही अडत नाही. लक्षात ठेवायचं एवढंच की सगळीकडे तिचं नाव व्हॅलेंटिनोला चिकटवलेलं असतं, पण त्याच्याबरोबर तिचे सिनेमे फक्त दोन आणि कोलमनबरोबर पाच. तिची खरी जोडी कोलमनची. हे पुढे कामाला येणार आहे.

आता वाचा, पण हातचं राखून

जन्म ९ जानेवारी, हंगेरीतल्या तोल्ना भागातलं नॉज्दोरोग गाव, साल बहुतेक ठिकाणी १९०१ दिलेलं दिसेल. पण १८९८ पासून १९०३ पर्यंत वेगवेगळी सालंही छापलेली आहेत, कारण नटीचं वय कमी सांगणं हा तेव्हा स्टुडिओचा रोजचा धंदा होता. असल्या वेळी दहा वेबसाइट्सची मतमोजणी करू नका, कारण दहाही एकाच ठिकाणाहून उतरवतात. हंगेरीत ऑक्टोबर १८९५ पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंद सुरू झाली आणि त्यातल्या बऱ्याच नोंदवह्यांचे फोटो फॅमिलीसर्च नावाच्या फुकट साइटवर आहेत. शोधताना तिचं मूळ आडनाव वापरा, कोंचिच किंवा कोन्शिच, दोन्ही स्पेलिंगं चालतात. आणि हंगेरियन लोक आपल्या सरकारी फॉर्मसारखं आडनाव आधी लिहितात, म्हणून तिकडच्या साइटवर 'बांकी विल्मा' असा उलटा सर्च मारा, भरपूर जास्त सापडतं.

हॉलिवूडच्या आधीच्या काळावर फार वेळ घालवू नका, त्यातलं बघायला मिळतं ते थोडं. एवढं पुरे की ती बुडापेस्टमध्ये वाढली, १९१९ च्या आसपास सिनेमात आली, आणि ते साल हंगेरीत भयंकर होतं, युद्ध हरलेलं, मग काही महिने कम्युनिस्ट सरकार, मग त्याच्यावर सूड. सिनेमावाले देश सोडून पळत होते, 'कासाब्लांका'वाला मायकेल कर्टिझ, अलेक्झांडर कोर्डा, बेला लुगोसी, सगळे त्याच सुमारास बाहेर पडले. बांकीही बुडापेस्ट, व्हिएन्ना, बर्लिन अशी काम करत फिरत होती. व्हिएन्नात तिने मॅक्स लिंडरबरोबर सर्कसवरचा सिनेमा केला. लिंडर म्हणजे चॅप्लिनच्या आधीचा मोठा फ्रेंच विनोदवीर, आणि तो त्याचा शेवटचा सिनेमा ठरला.

मग हॉलिवूडचा प्रोड्यूसर सॅम्युअल गोल्डविन येतो आणि इथून सावध व्हायचं. हा स्वतः वॉर्सात जन्मलेला, अमेरिकेत येऊन हातमोजे विकून वर आलेला माणूस, जाहिरात कशी करायची ते त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. कथा अशी की बुडापेस्टमध्ये एका दुकानाच्या काचेत त्याने हिचा फोटो बघितला आणि हिला शोधून काढलं. १९२५ मध्ये ती अमेरिकेत उतरली. म्हणे तिला इंग्रजीतले तीनच शब्द यायचे, लॅम्ब, चॉप्स आणि पाइनॲपल, कारण वजन उतरवायला गोल्डविनने तेवढंच खायला सांगितलं होतं. तिला 'हंगेरियन ऱ्हाप्सडी' अशी पदवी लावून दिली. मग १९२७ चं लग्न, रॉड ला रॉक नावाच्या हिरोबरोबर, बेव्हर्ली हिल्सच्या चर्चमध्ये २६ जूनला, गोल्डविनने कन्यादान केल्यासारखं तिला चर्चमध्ये आणलं, नवरदेवाचा करवला दिग्दर्शक सेसिल डेमिल. अख्खं हॉलिवूड हजर. आणि त्यावरची दंतकथा की जेवणाच्या टेबलावरची टर्की (म्हणजे तो भाजलेला मोठा पक्षी) कागदाच्या लगद्याची होती, फोटोसाठी मांडलेली.

अशी गोष्ट समोर आली की दोन प्रश्न विचारायचे. एक, ही पहिल्यांदा कुठे छापून आली? मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीमध्ये त्या काळची फिल्मी मासिकं पानन् पान स्कॅन करून ठेवलीत, त्यांचं लँटर्न नावाचं सर्च आहे, त्यात तिचं नाव टाका आणि निकाल तारखेप्रमाणे लावा. जी गोष्ट घडल्याच्या वर्षी कुठेच नाही आणि वीस-तीस वर्षांनी कुणाच्या तरी आठवणीत उगवते, तिला किस्सा म्हणा, माहिती म्हणू नका. दुसरा प्रश्न, यातून फायदा कुणाचा? दुकानाच्या काचेतला फोटो ही गोष्ट गोल्डविनच्या नजरेची जाहिरात आहे, तिच्या अभिनयाची नाही. हिच्या मागे पाच-सहा वर्षांचं काम होतं, व्हिएन्ना-बर्लिनच्या स्टुडिओंत ती घासून तयार झालेली, पण 'आयती सापडली' हे विकायला सोपं. आणि मासिकांतही फरक करा, चाहत्यांसाठीची मासिकं स्टुडिओने दिलेला मजकूर छापायची, धंद्यातल्या लोकांसाठीची पत्रं मात्र गल्ला किती झाला, थिएटरवाले काय म्हणाले ते लिहायची. दुसऱ्या प्रकारची वाचायला रटाळ, पण खरं तिथे असतं.

जे सिनेमे उरलेच नाहीत त्यांचं काय

तिचा पहिला अमेरिकन सिनेमा, ज्याने ती रातोरात स्टार झाली, तो 'द डार्क एंजल', १९२५, गायब. 'द अवेकनिंग', १९२८, गायब. 'द मॅजिक फ्लेम'चे तुकडेच उरलेत. यात विशेष काही नाही, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अभ्यासात आलं की अमेरिकेत बनलेल्या १०,९१९ मूक फीचर सिनेमांपैकी मूळ स्वरूपात जेमतेम १४ टक्के शिल्लक आहेत. नायट्रेटची फिल्म, पेट घ्यायची, कुजायची, आणि बोलपट आल्यावर जुनं रीळ सांभाळण्यात कुणाला रस नव्हता. आपलं तर विचारूच नका, दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र'सुद्धा आपल्याकडे पूर्ण नाही.

पण हरवलेला सिनेमाही आडून बघता येतो. 'डार्क एंजल'ची गोष्ट म्हणजे युद्धात आंधळा झालेला माणूस आपल्या प्रेयसीला आपण मेलोय असंच समजू देतो. गोल्डविनने १९३५ मध्ये तोच सिनेमा बोलपट करून पुन्हा काढला आणि बांकीची किटी ही भूमिका दिली मर्ल ओबेरॉनला, म्हणजे मुंबईत जन्मलेली आणि आपलं हिंदुस्थानी मूळ लपवायला टास्मानियात जन्मले असं सांगणारी ती, पुढे तिने लग्नही कोर्डाशी केलं. तिला या भूमिकेसाठी ऑस्करचं नॉमिनेशन मिळालं. तो १९३५ चा लावा, बाजूला १९२५ च्या सिनेमाचे फोटो उघडा, दहा वर्षांत एकाच प्रोड्यूसरला त्याच भूमिकेत काय वेगळं हवं होतं ते दिसतं. 'अवेकनिंग'चं तर आणखी मजेदार, सिनेमा गेला पण त्याच्यासाठी अर्विंग बर्लिन या गीतकाराने लिहिलेलं 'मारी' हे गाणं राहिलं आणि १९३७ मध्ये टॉमी डॉर्सीच्या बँडने ते धो धो चालवलं. गाणं आजही कुठेही ऐकता येतं.

बोलपटांनी तिला संपवलं का

इथे सगळ्यात जास्त कॉपी-पेस्ट आहे म्हणून इथे थोडं थांबा. ऑक्टोबर १९२७ मध्ये 'जॅझ सिंगर' हा बोलपटांची लाट आणणारा सिनेमा आला आणि दोन वर्षांत खेळ बदलला. गोल्डविनने १९२९ मध्ये तिच्यासाठी 'धिस इज हेवन' काढला, अर्धा बोलका, आणि हुशारी अशी की तिला हंगेरीतून न्यूयॉर्कला आलेल्या, हॉटेलात काम करणाऱ्या मुलीचीच भूमिका दिली, म्हणजे उच्चार खटकायचा प्रश्न नाही. तो चालला नाही. मग १९३० मध्ये एमजीएम स्टुडिओचा 'अ लेडी टू लव्ह', एडवर्ड जी. रॉबिन्सनबरोबर, पूर्ण बोलपट. ती त्यात बरी आहे, उच्चार आहेत पण कळतात. तोच सिनेमा लगेच जर्मनमध्येही काढला, परत तिला आणि रॉबिन्सनलाच घेऊन, तेव्हा डबिंग धड होत नव्हतं म्हणून सिनेमा सरळ दुसऱ्या भाषेत परत शूट करायचे. प्रभातने १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठीत आणि हिंदीत वेगवेगळा शूट केला, दुर्गाबाई खोटे दोन्हीकडे, अगदी तोच प्रकार.

आता नुसत्या उच्चारांनी करिअर संपत असतं तर त्याच वर्षी हॉलिवूडची स्वीडिश स्टार ग्रेटा गार्बो स्वीडिश उच्चारांत बोलली आणि आणखी मोठी झाली, ते कसं? आणि १९३१ मध्ये बेला लुगोसी तर बांकीचेच हंगेरियन उच्चार घेऊन ड्रॅक्युला झाला आणि त्याच उच्चारांवर जन्मभर खाल्लं. मला वाटतं खरं कारण जोडी आहे. कोलमन आणि बांकी हा गोल्डविनचा एकत्र विकायचा माल होता. १९२८ मध्ये त्याने जोडी फोडली, एकाचे दोन सिनेमे दोन गल्ले असा हिशोब. मग १९२९ मध्ये कोलमनचा आवाज ऐकून अमेरिका वेडी झाली आणि सगळा पैसा त्याच्यावर लागला. हिच्याकडे ना जोडीदार उरला ना तिच्या आवाजाला साजेशी भूमिका लिहिणारं कुणी. लुगोसीला परकेपण विकता आलं कारण तो भूत होता, हिला 'आपली' वाटणारी नायिका व्हायचं होतं.

आपल्याकडे याच वेळी सुलोचनाचं काय झालं तेही शेजारी ठेवून बघा. रुबी मायर्स, पुण्यात जन्मलेली, मूकपटांची सगळ्यात मोठी नटी, बोलपट आले तेव्हा हिंदुस्थानी धड येत नव्हतं. तिने थांबून भाषा शिकून घेतली आणि १९३२ मध्ये स्वतःचाच मूकपट 'माधुरी' बोलका करून परत आली. म्हणजे दार बंद नव्हतं, पण उघडायला पाठीशी कुणीतरी स्टुडिओ लागायचा. बांकीच्या पाठीशी तो नव्हता, आणि कदाचित तिला तेवढी हौसही नव्हती. नवऱ्याबरोबर नाटकाचा दौरा केला, मग युरोपात नेपोलियनच्या काळातल्या टायरॉलवरचा (आल्प्समधला डोंगराळ मुलूख) 'द रिबेल', १९३३ मध्ये आलेला, आणि बस. इथे एक खबरदारी, तो सिनेमा जर्मनमध्येही आहे आणि जर्मनमध्ये तिच्या जागी लुईझे उलरिख आहे. पुष्कळ याद्यांत जर्मन नावापुढे बांकीचं नाव ठोकून दिलेलं असतं. इंग्रजी आवृत्ती शोधा, नाहीतर दीड तास चुकीच्या बाईकडे बघत बसाल.

पुढचं आयुष्य एका परिच्छेदात

बोलपटाने बुडालेली दुःखी नटी शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. कागदी टर्कीवालं म्हणून ज्याची टिंगल झाली ते लग्न १९६९ मध्ये रॉड ला रॉक जाईपर्यंत टिकलं, ४२ वर्षं. दोघांनी जमिनी-घरांच्या व्यवहारात नीट पैसा केला, ती गोल्फ खेळायची आणि चांगली खेळायची, आणि मुलांच्या शिक्षणासाठी दोघांच्या नावाने एक फाउंडेशन काढलं. शेवटची काही वर्षं मात्र एकटी गेली, भेटायला कुणी येत नाही याचा तिला राग होता असं सांगतात. १८ मार्च १९९१ ला ती लॉस एंजेलिसमध्ये गेली, बातमी मुद्दाम दिली नाही. म्हणून जुन्या पुस्तकांत मृत्यूचं साल १९९२ दिसलं तर ते बातमीचं साल आहे, दुरुस्त करून घ्या.

मित्रमंडळींना दाखवायचं असेल तर एका संध्याकाळी एकच सिनेमा, आणि तो 'ईगल', साधारण सव्वा तासाचा आहे, कुणी कंटाळत नाही. पाट्या इंग्रजीत असतात आणि जुन्या पद्धतीचं जड इंग्रजी, तर एकाला पाट्या मराठीत मोठ्याने सांगायला बसवा. आपल्याकडे मूकपटांच्या काळात थिएटरात असे वाचून दाखवणारे असायचेच. सांगणाऱ्याने सिनेमा आधी एकदा बघितलेला असावा, नाहीतर बुरखेवाला कोण ते तोच पहिल्या पाच मिनिटांत फोडतो. आणि घरात लहान पोरं असतील आणि कुणी हट्टाने 'शेख' लावायला सांगितलाच, तर तंबूच्या सीनच्या आधी त्यांना आइस्क्रीम आणायला पाठवा.